टेबल टेनिसचा चेंडू

टेबल टेनिसचा चेंडू हा पातळ कवचाचा, आतून पोकळ असा प्लास्टिकचा गोल आहे. त्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन २.७ ग्रॅम असते. रंग पांढरा किंवा नारिंगी असतो आणि पृष्ठभागाला चकाकी नसावी असा नियम आहे. शतकाहून अधिक काळ हे कवच सेल्युलॉइडचे बनवले जात असे.

सेल्युलॉइड

एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधताना अमेरिकेतील जॉन वेस्ली हयात यांनी १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून सेल्युलॉइड तयार केले. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली असता नायट्रोसेल्युलोज मिळते. कापरामुळे त्याला चिवटपणा येतो आणि ऊब दिल्यावर हवा तो आकार देता येतो. जुना चेंडू फुटल्यावर येणारा ओळखीचा वास आरतीच्या तबकातल्या याच कापराचा असतो. इंग्लंडमधील जेम्स गिब यांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेतून असे चेंडू मायदेशी नेले आणि रबराचे व बुचाचे चेंडू लवकरच मागे पडले.

सेल्युलॉइडच्या पत्र्यातून चकत्या कापून, त्या मऊ करून साच्यात दाबल्या की अर्धगोल तयार होतात. दोन अर्धगोल चिकटवून, वाळवून व घासून चेंडू पूर्ण होतो.

आतील हवा

चेंडूत एखादा विशेष वायू भरलेला असतो, असा समज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. तो खरा नाही. आत साधी हवा असते, तीही साधारण बाहेरच्याच दाबाची. तिचे वजन सुमारे ०.०४ ग्रॅम, म्हणजे चेंडूच्या एकूण वजनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरते. चेंडू उसळतो तो मुख्यतः कवचाच्या लवचीकपणामुळे. चेपलेला (पण न चिरलेला) चेंडू गरम पाण्यात टाकला की कवच मऊ होते, आतली हवा प्रसरण पावते आणि खळगा बराचसा भरून येतो. अशा चेंडूची गोलाई मात्र पूर्ववत होत नाही, त्यामुळे तो सरावापुरताच उपयोगी.

ज्वालाग्राहीपणा

हा उपाय करताना सेल्युलॉइडचा चेंडू ज्योतीजवळ कदापि नेऊ नये. नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ते झपाट्याने पेटते, विझवण्यास कठीण जाते आणि त्यातून नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे बाहेर पडतात. गंमत म्हणून चेंडू जाळण्याचे प्रयोग मुले करतात. ते घातकच होत. मूकपटांच्या काळातील चित्रफितींचा पायाही नायट्रोसेल्युलोजचाच असे. पुण्यात २००३ साली अशा जुन्या चित्रफितींच्या साठ्याला आग लागून भारतीय चित्रपटांचा अमोल ठेवा नष्ट झाला.

नवे प्लास्टिक

विमानाने चेंडू पाठवताना सेल्युलॉइड धोकादायक मालात गणले जाई. ही अडचण पुढे करून आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने जुलै २०१४ पासून आपल्या प्रमुख स्पर्धांत सेल्युलॉइडविरहित चेंडू आणले. त्यांवर ‘४०+’ अशी खूण असते, कारण त्यांचा व्यास ४० ते ४०.६ मिलिमीटर असतो. आरंभीचे बरेच चेंडू सेल्युलोज ॲसिटेटचे होते. यात नायट्रो गटांऐवजी ॲसिटिल गट असल्यामुळे ते तसे भडकत नाही. पुढे एबीएस (ॲक्रिलोनायट्राइल ब्युटाडाइन स्टायरीन) हे प्लास्टिक रूढ झाले. ते सेल्युलॉइडपेक्षा हलके असल्याने, तेच वजन राखण्यासाठी कवच जाड करावे लागते: सुमारे ०.४ ऐवजी ०.५ मिलिमीटर. काही चेंडूंना जोडच नसतो.

पहिल्या नव्या चेंडूंबद्दल खेळाडूंनी कुरकुर केली आणि ती निराधार नव्हती. ते लवकर चिरत आणि त्यांना फिरकी कमी मिळे. त्याआधी २००० साली व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर केला गेला, तेव्हाही खेळाची गती व फिरकी उतरली होती. त्या वेळी मात्र प्रेक्षकांना चेंडू नीट दिसावा, हाच हेतू होता.

द्रव्य कोणतेही असले तरी उसळीची कसोटी बदललेली नाही. ३०.५ सेंटिमीटर उंचीवरून पोलादी ठोकळ्यावर सोडलेला चेंडू २४ ते २६ सेंटिमीटर उसळला पाहिजे.