‘सुदाम्याच्या पोह्यां’नंतर

मराठी विनोदाचा पाया श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी घातला, हे सर्वमान्य आहे. वऱ्हाडात वकिली करता करता लिहिलेले त्यांचे विनोदी लेख ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणून घरोघर गेले. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या कल्पित त्रिकुटाने आम्हां अल्पशिक्षितांसही रूढींकडे हसत पाहावयास शिकविले. म्हणूनच त्यांच्या उत्तरवयातील, १९२५ च्या सुमारास निघालेल्या ‘दुटप्पी की दुहेरी?’ व ‘श्यामसुंदर’ या कादंबऱ्या आम्ही मोठ्या आशेने वाचल्या, आणि निराश झालो.

असे का व्हावे? विडी कामगारांच्या सभांतून आम्हांस याचा उलगडा झाला. ठेकेदाराने विड्या नापास करून मजुरी कापली, तर त्यावरची कोटी सभेला हसविते. कारण तिच्यामागे प्रत्येकाचे दुखणे असते. तीच कोटी केवळ टाळीसाठी केली, तर सभा गप्प राहते. ‘पोह्यां’च्या मागे भोळ्या समजुतींत अडकलेल्या समाजाचे दुखणे होते, आणि लेखही आटोपशीर होते. कादंबरीस मात्र हाडामासाची माणसे लागतात. नाटकांतून जडलेली कोट्यांची व गुंतागुंतीच्या कथानकाची हौस येथेही सुटली नाही, आणि माणसे मागे पडली, असे आम्हांस वाटते.

गडकऱ्यांनी ज्यांस गुरू मानले, त्यांच्याविषयी असे बोलावे काय? अवश्य बोलावे. थोरांचे सारेच गोड मानणे हीही एक रूढीच होय. आणि रूढींस हसावयास त्यांनीच तर आपणांस शिकविले.