चौकट कलते, त्रिकोण टिकतो

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात अधिकृत नोंदींनुसार जवळपास ८ हजार माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. ती घरे का कोसळली, याची सविस्तर कारणे स्थापत्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडतात. मात्र त्यांचा गाभा समजून घेण्यास शाळेतील भूमिती पुरेशी आहे. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेतील लातूर, नांदेड आणि धाराशिवचे विद्यार्थी कोन, समांतर रेषा आणि एकरूप त्रिकोणांची प्रमेये दरवर्षी पाठ करतात. त्या प्रमेयांचा आपल्या घराच्या भिंतीशी असलेला संबंध त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आकृती हलविण्याचे तीन साधे प्रकार भूमितीत येतात: सरळ सरकविणे, एका बिंदूभोवती फिरविणे आणि आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटविणे. तिन्हींत आकृतीची जागा किंवा दिशा बदलते. बाजूंची लांबी आणि कोनांची मापे तीच राहतात. भूकंपात पायापासून छपरापर्यंत संपूर्ण घर जमिनीबरोबर एकाच क्षणी सरकले, तर एकही भिंत तडकणार नाही. प्रत्यक्षात पाया जमिनीबरोबर जातो आणि छप्पर जडत्वामुळे मागे राहते. बस अचानक सुटली की उभ्या प्रवाशाचे पाय पुढे जातात आणि धड मागे कलते, तसाच हा प्रकार. छप्पर जितके जड, तितका हा ताण मोठा. मराठवाड्यातील जुन्या घरांचे माळवद म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवरचा मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याचा गारवा मोलाचा. परंतु गळती थांबविण्यासाठी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडत गेली आणि पिढ्यान् पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत राहिले.

दोन खांब, वरची तुळई आणि खालची जमीन मिळून एक आयत तयार होतो. त्याची रुंदी ४ मीटर आणि उंची ३ मीटर धरू. पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्याचा प्रत्येक कर्ण ५ मीटर. आता धक्क्याने तुळई केवळ १० सेंटिमीटर बाजूला सरकली असे समजू. चारही बाजूंची लांबी तेवढीच आहे, समोरासमोरच्या बाजू समांतरही आहेत. पण काटकोन राहिले नाहीत. दोन कोन सुमारे ८८ अंशांचे आणि दोन सुमारे ९२ अंशांचे झाले. समांतर रेषांच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश असते, हा नियम येथेही पाळला गेला. आयताचा समांतरभुज चौकोन झाला. दोन अंशांचा फरक डोळ्यांना जाणवणारही नाही. कर्णांकडे पाहिले की त्याचे गांभीर्य कळते: एक कर्ण सुमारे ८ सेंटिमीटरने लांबला, दुसरा तेवढाच आखडला.

चार बाजूंची मापे ठरली तरी चौकोनाचा आकार ठरत नाही. तीन बाजूंची मापे ठरली की त्रिकोणाचा आकार ठरतो. पाठ्यपुस्तकातील एकरूपतेची ‘बाबाबा’ कसोटी हेच सांगते. (‘बाबाबाबा’ अशी चौकोनाची कसोटी नाही, ती याचमुळे.) म्हणून चौकटीत कर्णाच्या दिशेने एक भक्कम तिरपा दांडा बसविला की तिचे दोन त्रिकोण होतात आणि एखादी बाजू तुटल्याशिवाय वा सांधा निखळल्याशिवाय ती कलू शकत नाही. पत्र्याच्या छपराखालील कैची, विजेच्या तारांचे मनोरे आणि रेल्वेचे लोखंडी पूल याच गुणावर उभे असतात. घरात पूर्ण कर्ण बसविल्यास येण्याजाण्याची वाट अडते. तेथे खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात आखूड तिरपा तुकडा ठोकूनही सांध्याचा कोन बराचसा राखता येतो. जुन्या लाकडी घरांच्या बळकटीकरणासाठी हा उपाय सुचविला जातो.

विटांच्या भिंतीवर भूकंपानंतर दिसणाऱ्या फुलीसारख्या भेगांचे मूळही कर्णातच आहे. वीटकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. कर्ण लांबला की त्याला आडवी भेग पडते. जमीन मागे येताच दुसरा कर्ण लांबतो आणि पहिल्या भेगेला छेदणारी दुसरी पडते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांत ताण एकवटत असल्याने तिरप्या भेगांची सुरुवात बहुधा तेथून होते.

किल्लारीच्या पुष्कळ भिंतींवर अशी फुली उमटण्याइतकीही सवड मिळाली नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या या भिंती म्हणजे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांचे दोन स्वतंत्र पदर. त्यांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच असत. हादऱ्याने हे पदर एकमेकांपासून सुटून फुगले आणि ढासळले. शिवाय धक्क्याच्या दिशेला समांतर असलेली भिंत बराच जोर पेलते, लंब असलेली भिंत सहज उलथते. लंब भिंतीला आधार मिळतो तो कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीकडून. तो काटकोन सुटला की दोन्ही भिंती एकाकी पडतात. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आणि छपराखाली चारही भिंतींना अखंड बांधणारा पट्टा असावा, असा आग्रह धरला जातो तो यासाठी.

१९९३ मध्ये हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या मानकात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. भूकंपानंतर ५२ गावांचे पूर्णतः पुनर्वसन झाले. काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांच्या या नव्या वसाहतींत जुन्या गावठाणातील बोळ आणि चावडीचा कट्टा हरवला, ही खंत आजही व्यक्त होते आणि ती रास्त आहे. इतरत्र, लातूर-नांदेडच्या अनेक गावठाणांत, दगडमातीची घरे अजून उभी आहेत. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात केंद्र असलेले सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडमध्येही जाणवले.

घराची चौकट काटकोनात आहे की नाही, हे तपासण्यास यंत्र लागत नाही. गवंडी गुण्या लावतो, ओळंबा सोडतो, किंवा सुतावर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून काटकोन साधतो. घरमालकाला टेप पुरतो. दाराच्या चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू समान असूनही दोन्ही कर्णांची मापे जुळत नसतील, तर चौकट कललेली आहे. पावसाळ्यात लाकूड फुगूनही दार अडकते. पण उन्हाळ्यातही ते अडकत असेल आणि चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल, तर तिच्यावर गिलावा करण्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.