दुचाकी चालविणे आणि थांबविणे

गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात मोटारसायकलने फार मोठे स्थान मिळविले आहे. डेअरीला दूध पोहोचविणे, आठवड्याचा बाजार, शेतावरील पंप, तालुक्याच्या कचेरीतील काम, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, अशा सर्व गरजा हे वाहन भागविते. एस. टी. ची वाट पाहण्यात जाणारा अर्धा दिवस त्याने वाचविला, हे मान्यच केले पाहिजे. मात्र हे वाहन शिकण्याची जी रीत खेड्यापाड्यांतून रूढ झाली आहे, ती एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

थोरला भाऊ किंवा एखादा मित्र नवशिक्याला गावाबाहेरच्या रस्त्यावर नेतो, क्लच कसा सोडावा आणि गिअर कसे बदलावेत ते दाखवितो. गाडी धक्के न खाता चालू लागली की शिक्षण संपले असे समजण्यात येते. गाडी थांबविण्याविषयी बहुधा एकच उपदेश केला जातो : "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील." गाडी चालविणे एका दुपारी येते; ती थांबविणे मात्र अनेकांना वर्षानुवर्षे येत नाही, आणि अपघाताच्या क्षणी नेमकी हीच उणीव उघडी पडते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. अपघातामागे रस्त्याचे दोष असतात, इतर वाहनांची बेपर्वाई असते. तथापि चालकाच्या स्वतःच्या हातात काय असते, याचा शोध घेणारा एक अभ्यास येथे उल्लेखनीय आहे.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच्या प्रयत्नाने किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांपेक्षाही कमी सराव होता. म्हणजे जुना चालकदेखील नवी गाडी घेतली की काही काळ नवशिकाच असतो. धोका उद्भवल्यापासून प्रत्यक्ष धडक होईपर्यंत बहुतेकांना दोन सेकंदांहून कमी वेळ मिळाला होता. त्या अवधीत अनेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरले आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा उपयोग झालाच नाही. लॉस एंजेलिसचे रस्ते आणि आपले रस्ते यांत पुष्कळ अंतर आहे. परंतु वर सांगितलेला घरगुती उपदेश आणि हा निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांचे नाते सहज ध्यानी येते.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते, तर ताशी ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर म्हैस आडवी आली हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या काळात गाडीचा वेग यत्किंचितही कमी होत नाही. पुढे ब्रेक लागल्यावर, कोरड्या डांबरी रस्त्यावर आणि दोन्ही ब्रेक नीट वापरल्यास, ४० च्या वेगाला आणखी सुमारे १० मीटर व ६० च्या वेगाला सुमारे २३ मीटर लागतात. एकंदरीत पहिली गाडी २१ मीटरमध्ये, तर दुसरी ४० मीटरमध्ये उभी राहते. वेग दीडपट, पण थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, जेथे पहिला चालक थांबून उभा असेल, त्याच जागी दुसऱ्याचा वेग अद्याप ताशी ५० हून अधिक असतो. नववीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

हे अंतर दोन्ही ब्रेक वापरल्यासच खरे. ब्रेक लागताच गाडीचा व चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो. एस. टी. ने अचानक ब्रेक लावला असता उभे उतारू पुढे झुकतात, तसाच हा प्रकार होय. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक थोड्याशा दाबानेही अडकते आणि घसरते. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबविण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करू शकतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुपटीच्या घरात जाते.

मग "उलटशील" हा उपदेश आला कोठून? तो सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो टिकून राहिला. वाळूवर, चिखलात किंवा वळणावर गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पुढचे चाक अडकून गाडी आडवी होते. दोष ब्रेकचा नसून झटक्याचा आहे. गाडी सरळ ठेवावी, दांडा चार बोटांनी आधी हलका आवळावा आणि भार पुढे आल्याचे जाणवताच दाब वाढवीत न्यावा. ओला स्पंज पिळावा तसा. मागचा ब्रेक त्याच वेळी, पण बेताने. वळणापूर्वीच वेग कमी करून घ्यावा, म्हणजे वळणात ब्रेकची गरज उरत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या नियमानुसार १२५ घन सेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आवश्यक ठरली आणि त्याखालील गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा. खेड्यात मात्र जुन्या गाड्या दीर्घकाळ वापरात असतात. त्यांच्या चालकाला ही यंत्रणा आपल्या हातांतच तयार करावी लागते.

पाऊस, घाट आणि उसाचा हंगाम

मृगाच्या पहिल्या सरींत रस्ता सर्वांत निसरडा असतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल पाण्याबरोबर वर येते. रंगविलेले पांढरे पट्टे आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल यांवर ब्रेक न लावता, वेग आधीच उतरवून सरळ पार होणे इष्ट. घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय आहे. ती महागात पडते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

रात्रीचा नियम एकच : दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल असा वेग ठेवावा. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात. मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणारी लाल पट्टी लावण्यास फारसा खर्च येत नाही. ग्रामपंचायतींनी हंगामाच्या आरंभीच हे काम मनावर घेतल्यास त्याचा लाभ गावातीलच तरुणांना होईल.

मागे बसणाऱ्याचा विचार नवशिका सहसा करीत नाही. दुसरी व्यक्ती बसली की गाडी जड होते, तोल बदलतो आणि ब्रेकच्या दाबाचा अंदाज चुकतो. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात तर पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहेत. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण नियमानेच आवश्यक आहे. शोभा जाते म्हणून ते काढून टाकण्याची हौस काय कामाची?

हेल्मेटविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या आतील थर्माकोलसारखा थर दाबला जाऊन डोक्याला बसणारा हादरा काही अंशी शोषून घेतो, हे त्याचे कार्य. म्हणून भारतीय मानक ४१५१ चे चिन्ह पाहूनच ते घ्यावे, हनुवटीचा पट्टा बांधावा आणि एकदा जोराचा आघात झाल्यावर ते बदलावे. २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती दगावल्या. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. कायद्याने हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल

गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गाड्या शाळेच्या आवाराबाहेर ओळीने उभ्या दिसतात, आणि पालक त्याकडे कौतुकाने पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक अथवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही तरतूद पालकसभेत वाचून दाखविणे मुख्याध्यापकांना सहज शक्य आहे.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेपूर्वी किमान ३० दिवस जावे लागतात. या काळात शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसविता येत नाही. हे ३० दिवस वाया जाऊ नयेत. शाळेचे मैदान सकाळी मोकळे असते. चुन्याची एक आडवी रेघ ओढावी, गावातील जाणत्या, परवानाधारक चालकाने शेजारी उभे राहावे आणि नवशिक्याने हेल्मेट घालून ताशी २० च्या वेगाने येऊन रेघेपासून ब्रेक लावावा. थांबलेली जागा पावलांनी मोजावी. प्रथम केवळ मागचा ब्रेक, नंतर दोन्ही. दोन्ही खुणांमधील फरक नवशिक्याला डोळ्यांनी दिसतो. हात स्थिर झाल्यावर वेग ३० करावा. मैदानावर खडी किंवा वाळू असल्यास ती आधी झाडून घ्यावी, आणि सराव सुरू असताना मुलांना कुंपणाबाहेर ठेवावे.