हायड्रोजन फ्युएल सेलमधले सील आणि व्हॉल्व्ह: काउंटरवरची ओ-रिंग इथे का चालत नाही?

मागच्या व्हिडिओत आपण हायड्रोजनच्या धंद्यात छोट्या वर्कशॉपला काय संधी आहे ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, आम्ही हायड्रॉलिकचे आणि सीएनजीचे सील, फिटिंग विकतोच. तेच हायड्रोजनला पण चालतील ना?" व्हिडिओत दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय आणि दुकान चालवतो. त्यामुळे दुकानदाराच्या भाषेतच सांगणार.

आधी फ्युएल सेल म्हणजे काय ते थोडक्यात. एका पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. हा पडदा म्हणजेच मेम्ब्रेन. हायड्रोजनमधले प्रोटॉन त्यातून आरपार जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतून फिरून येतात, तीच आपली वीज. शेवटी उरतं पाणी. काहीच जळत नाही. पण एक सेल कामावर असताना साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच देतो. म्हणून शेकडो सेल एकावर एक रचतात, त्याला स्टॅक म्हणतात. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराई गाडीत असे ३३० सेल आहेत.

आता सीलच्या नजरेनं बघा. प्रत्येक सेलमध्ये तीन गोष्टी वाहतात: हायड्रोजन, हवा आणि थंड करणारं कूलंट. तिन्ही शेजारीशेजारी, पण एकमेकांत मिसळता कामा नयेत आणि बाहेरही येता कामा नयेत. म्हणजे ३३० सेलच्या स्टॅकमध्ये गॅस्केटच्या शेकडो रेषा झाल्या. त्यातली एक जरी सुटली तरी तो एक सेल बाजूला टाकून चालत नाही, कारण सगळे सेल एकाच माळेत जोडलेले असतात. पूर्ण स्टॅक उघडावा लागतो.

वास येत नाही, हा पहिला फरक

घरातला एलपीजी सिलेंडर लीक झाला की आपल्याला लगेच कळतं. तो वास गॅसचा स्वतःचा नसतो, मुद्दाम घातलेल्या गंधकयुक्त रसायनाचा असतो. मग हायड्रोजनमध्ये तसंच का नाही घालत? कारण फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमचा कॅटलिस्ट असतो आणि गंधक त्याला विषासारखं मारतं. फ्युएल सेलच्या गाड्यांसाठी ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो आणि त्यात गंधकाची मर्यादा अब्जात चार भाग इतकी कडक आहे. म्हणजे नाकावर भरवसा ठेवायचा मार्गच बंद. रंग नाही, वास नाही, आणि पेट घेतला तर ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी पेटू शकतो, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी छोटी असते की अंगावरच्या स्थिर विजेचीसुद्धा पुरते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हायड्रोजन हवेपेक्षा साधारण चौदा पट हलका आहे, त्यामुळे मोकळ्या जागेत तो भरकन वर निघून जातो. एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. म्हणून सेन्सर छताजवळ लावतात. वर्कशॉपला पत्र्याचं बंद छत असेल तर मात्र तोच फायदा उलटा होतो, हे लक्षात ठेवा.

रबर कुठलं?

गिऱ्हाईक काउंटरवर येतं, जुनी ओ-रिंग दाखवतं आणि म्हणतं, "याच मापाची द्या." आपण माप बघतो, डब्यातून काळी नायट्राइल काढतो, बिल करतो. हायड्रॉलिकच्या बहुतेक कामात हे खपून जातं. इथे मापाआधी मटेरियल विचारावं लागतं.

सिलिकॉन घ्या. मऊ, थंडीत लवचिक, स्टॅकमध्ये बसवायला सोपं. पण हायड्रोजन त्यातून आरामात झिरपतो, आणि मेम्ब्रेनचं वातावरण आम्लधर्मी असल्यानं सिलिकॉन हळूहळू खराब होतं. त्यातून सुटणारे कण मेम्ब्रेनवर जाऊन बसतात. ईपीडीएम हे रबर कूलंटला चांगलं, थंडीतही चांगलं, म्हणून स्टॅकमध्ये ते बरंच वापरतात. पण ते गंधकानं व्हल्कनाइझ केलेलं आहे की पेरॉक्साइडनं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण वर सांगितलंच, गंधक म्हणजे कॅटलिस्टचा शत्रू. आणि ईपीडीएमला आपलं नेहमीचं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर ते फुगतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ओ-रिंग बसवताना बोटानं ग्रीस फिरवायची सवय आपल्या सगळ्या मेकॅनिक लोकांना आहे.

एफकेएम, म्हणजे ज्याला आपण सगळे व्हायटॉन म्हणतो, ते गॅस अडवायला छान. पण साधं एफकेएम उणे १५-२० अंशांच्या खाली कडक पडतं. तुम्ही म्हणाल, पुण्यात कुठे उणे वीस होतंय? बाहेर होत नाही, पण पंपावर होतं. ७०० बारची टाकी पटकन भरताना गॅस तापतो, म्हणून तो आधीच उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडतात. टाकीची वरची मर्यादा ८५ अंश. म्हणजे त्या लाइनवरच्या सीलनं उणे ४० ते अधिक ८५ एवढं सगळं सोसायचं.

थंडीत कडक पडलेली ओ-रिंग काय करू शकते हे जगानं २८ जानेवारी १९८६ ला बघितलं. चॅलेंजर यानाच्या बूस्टरच्या जोडातल्या ओ-रिंग त्या गारठलेल्या सकाळी वेळेत फुलल्या नाहीत, गरम वायू बाहेर आला आणि सात अंतराळवीर गेले. तिथे गळती हायड्रोजनची नव्हती, पण रबराचा धडा तोच आहे.

आता दाब. घरचा कुकर हवेच्या दाबापेक्षा साधारण एक बार वर चालतो. सीएनजीची टाकी २०० बारची. हायड्रोजन बसमध्ये बहुतेक ३५० बार, कारमध्ये ७००. सातशे बार म्हणजे नखाएवढ्या एक चौरस सेंटीमीटरवर सातशे किलोहून जास्त जोर! एवढ्या दाबाखाली गॅस रबराच्या आत मुरतो. मग कोणी लाइन झटकन मोकळी केली की आत मुरलेला गॅस एकदम फुगतो आणि ओ-रिंगला आतून फोड येतात, चिरा पडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात ना, तसंच, फक्त रबराच्या पोटात. म्हणून उच्च दाबाच्या ठिकाणी खास ग्रेडचं रबर, मागे टेफ्लॉन किंवा पीकची बॅकअप रिंग, नाहीतर सरळ धातूला धातू टेकवून सील करतात. आणि दाब सोडायचा तो हळूहळू.

धातूचंही तसंच आहे. हायड्रोजन काही पोलादांत शिरतो आणि त्यांना ठिसूळ करतो, विशेषतः जास्त ताकदीच्या पोलादांना. म्हणून फिटिंग, ट्यूबला साधारणपणे ३१६एल स्टेनलेस वापरतात. चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काम भागवणं इथे विसरा.

आवळणं ही पण कला आहे

स्टॅकच्या दोन टोकांना जाड प्लेटा असतात आणि लांब बोल्टनी सगळं एकत्र दाबतात. कमी आवळलं तर गळती, शिवाय सेल नीट टेकत नाहीत म्हणून वीजही वाया. जास्त आवळलं तर आतला कार्बनचा सच्छिद्र थर चेपतो आणि गॅसला जायला वाट राहत नाही. म्हणून टॉर्क रेंच आणि ठरलेला क्रम, दुसरा पर्याय नाही.

हे किती गंभीर आहे? १० जून २०१९ ला नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविका इथल्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. तपासात निघालं काय, तर उच्च दाबाच्या टाकीच्या एका प्लगचे आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. आधी बारीक गळती, त्यानं सील झिजला, मग गळती मोठी झाली आणि गॅस पेटला. नशिबानं कोणी दगावलं नाही. पण टोयोटा आणि ह्युंदाईनं तिथली फ्युएल सेल गाड्यांची विक्री काही काळ थांबवली. मटेरियल चुकलं नव्हतं, डिझाइनही नाही. जोडणीत चूक झाली होती. त्यानंतर अशा जोडणीला दोन माणसांची तपासणी आणि लेखी नोंद आली. आपल्या वर्कशॉपमध्ये बोल्ट आवळल्यावर पेंटची खूण करायला आणि वहीत सही घ्यायला किती खर्च येतो, सांगा?

गॅस किती आणि कधी सोडायचा

सीलनं अडवायचं, व्हॉल्व्हनं सोडायचं. टाकीच्या तोंडावरच सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, वीज गेली की आपोआप बंद होणारा. हा प्रकार 'नॉर्मली क्लोज्ड'च हवा. शेजारी एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, आग लागून तापमान साधारण ११० अंशांवर गेलं की तो उघडतो आणि टाकी फुटण्याआधी गॅस बाहेर सोडतो. पुढे रेग्युलेटर ७०० बारचा दाब दहा-पंधरा बारच्या आसपास आणतो. मग इंजेक्टर किंवा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह गरजेपुरता गॅस स्टॅकमध्ये सोडतो, तिथे दाब जेमतेम एक-दोन बार.

गरजेपुरता म्हणजे किती? सेल ०.७ व्होल्टला चालत असेल तर एक किलोवॉटला मिनिटाला साधारण दहा लिटर हायड्रोजन लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात एनसीएलमध्ये सीएसआयआर आणि केपीआयटीनं जी फ्युएल सेल कार चालवून दाखवली, तिचा स्टॅक १० किलोवॉटचा होता. म्हणजे पूर्ण भारावर मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की क्षणात गॅस वाढला पाहिजे. उशीर झाला आणि सेल उपाशी राहिला, तर तो हायड्रोजनऐवजी स्वतःचाच कार्बन खायला लागतो. असा खराब झालेला सेल परत पूर्ववत होत नाही.

दोन्ही बाजूंचा दाबही जवळपास सारखा ठेवावा लागतो, कारण मेम्ब्रेन केसापेक्षाही पातळ असतं. शिवाय हवेतला नायट्रोजन मेम्ब्रेनमधून हळूहळू हायड्रोजनच्या बाजूला येऊन साचतो. तो बाहेर काढायला पर्ज व्हॉल्व्ह अधूनमधून क्षणभर उघडतो. जास्त वेळा उघडला तर गॅस वाया, कमी वेळा उघडला तर व्होल्टेज पडतं. हा छोटा व्हॉल्व्ह ओलसर गॅसमध्ये सतत उघडझाप करतो, म्हणून त्याची सीट कशाची आहे हे बघून घ्या.

मग धंदा कुठे आहे?

माझं स्पष्ट मत: उच्च दाबाच्या बाजूला आत्ता हात घालू नका. दाबाखालच्या गॅसचे सिलेंडर आणि त्यांचे व्हॉल्व्ह यांना पेसोची मंजुरी लागते. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे, नियम २०१६ चे आहेत, आधी ते वाचा. "थोडंसंच वापरायचंय, डेमोला" असं म्हणून कोणी साधी फिटिंग मागायला आलं, तर मी देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

पण कूलंटची लाइन, हवेची लाइन, टोकाच्या प्लेटांचं मशीनिंग, टेस्टिंगचे जिग, ही सगळी आपल्याला जमणारी कामं आहेत. तयारी एवढीच की प्रत्येक सीलबरोबर मटेरियलचं सर्टिफिकेट, बॅच नंबर आणि क्युअरिंगचा प्रकार लेखी देता आला पाहिजे. वेगवेगळ्या रबराच्या काळ्या रिंग एका डब्यात मिसळल्या की नंतर देवालाही ओळखता येणार नाहीत, म्हणून डबे वेगळे करा. उन्हात किंवा खिळ्याला टांगून ठेवू नका.

गळती तपासायला हायड्रोजन वापरायची गरज नाही. हेलियम वापरतात, किंवा ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण, ते पेटत नाही. साबणाचं पाणी मोठी गळती दाखवतं, बारीक नाही. असा टेस्ट जिग कसा बनवायचा ते पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष दाखवतो, तोपर्यंत तुमच्याकडे कुठल्या रबराचा किती स्टॉक आहे आणि कशाचं सर्टिफिकेट आहे, याची यादी करून ठेवा.