सांगली ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

दोन शहरांमधील अंतर कोणत्या मार्गाने मोजले यावर त्याचा आकडा ठरतो. सांगलीहून मुंबईला पेठनाका, कऱ्हाड, सातारा आणि पुणे असे रस्त्याने गेल्यास पावणेचारशे किलोमीटरहून अधिक, तर किर्लोस्करवाडी, सातारा, जेजुरी अशी वळणे घेत जाणाऱ्या लोहमार्गाने साडेचारशे किलोमीटरहून अधिक प्रवास घडतो. हवाई अंतर मात्र भूपृष्ठावरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर जे वर्तुळ उमटते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि ही रेषा त्याच वर्तुळाचा एक भाग असते.

दूरच्या शहरांसाठी हे अंतर गोलीय त्रिकोणमितीने काढावे लागते, परंतु जवळच्या शहरांसाठी पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा ठरतो. सांगली आणि मुंबई विमानतळ यांच्या अक्षांशांत सुमारे २.२४ अंशांचा, तर रेखांशांत १.७१ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत असल्याने आपल्या भागात त्यांचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. म्हणजेच उत्तरेकडे सुमारे २४९ आणि पश्चिमेकडे सुमारे १८१ किलोमीटर जावे लागते, आणि या दोन बाजूंचा कर्ण सुमारे ३०८ किलोमीटर येतो. सांगलीकरांना जवळ पडणाऱ्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळासाठी हेच गणित केले असता उत्तर जवळपास तेवढेच मिळते. याचा अर्थ असा की विमान गाठण्यासाठी नैऋत्येकडे सुमारे पन्नास किलोमीटर जाऊनही सांगलीचा प्रवासी मुंबईच्या जवळ येत नाही.

ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या, पंखा असलेल्या टर्बोप्रॉप विमानाला हे अंतर कापण्यास हिशेबाने ३७ मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे तासभर धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे आणि मुंबईच्या गर्दीच्या आकाशात आपल्या पाळीची वाट पाहणे, या सर्वांचा वेळ त्यात मिळवावा लागतो. वाऱ्याचाही परिणाम होतो, कारण जमिनीच्या संदर्भातील वेग म्हणजे हवेतील वेगातून समोरच्या वाऱ्याचा वेग वजा केल्यावर उरणारा वेग. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर या प्रवासात सुमारे चार मिनिटांची भर पडते.

उजळाईवाडी गाठण्याचा, तपासणीचा आणि मुंबईत विमानतळाबाहेर पडण्याचा वेळ धरला, तर घरातून निघाल्यापासून चारेक तास सहज जातात. यातील बराचसा वेळ अंतरावर अवलंबून नसतो. मुंबई असो वा दिल्ली, तो द्यावाच लागतो. म्हणूनच मिरजमार्गे धावणाऱ्या गोवा एक्स्प्रेसला जेथे एका दिवसाहून अधिक काळ लागतो, त्या सुमारे १,३०० किलोमीटरवरील दिल्लीसाठी विमानाचा लाभ अनेक पटींनी मोठा ठरतो.

यातून सांगलीच्या नियोजनासाठी महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मुंबईच्या प्रवासात विमानाचा वेग दुप्पट केला, तरी जेमतेम अठरा मिनिटे वाचतील. शहराजवळच्या कवलापूर येथे वापराविना पडून असलेल्या जुन्या धावपट्टीवरून विमाने उडू लागली, तर उजळाईवाडीपर्यंतच्या रस्त्याचा त्याहून कितीतरी अधिक वेळ वाचेल, आणि तो प्रत्येक गंतव्यासाठी वाचेल.