मिल्कवीड तग धरते, फुलपाखराचे काय?

टेक्सासच्या चराऊ कुरणांत गवताच्या जोडीने मिल्कवीड उगवते. आपल्या रुईच्या कुळातलेच हे झाड. पान तोडले की तसाच पांढरा चीक. तो कडू आणि विषारी, म्हणून गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि पशुपालक त्याला तणात काढतात. मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना मात्र दुसरे काही चालतच नाही. आपल्याकडे रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा या मोनार्कचा भाऊबंद.

२०११ साली टेक्सासने नोंदींतला सर्वांत तीव्र एकवर्षीय दुष्काळ पाहिला. अशा वर्षी पाणी वाचवण्यासाठी मिल्कवीडच्या पानांची रंध्रे मिटतात. मग कार्बन डायऑक्साइडही पुरेसा आत येत नाही आणि वाढ खुंटते. पाने लहान राहतात, पिवळी पडून गळतात. फुलांत मध आटतो, शेंगा धरत नाहीत. शेवटी जमिनीवरचा भाग वाळतो. झाड मेले असे वाटते. पण ते बहुवर्षायू असते. खोल गेलेल्या जाड मुळातल्या साठ्यावर ते तग धरते आणि पाऊस झाला की पुन्हा फुटते.

मोनार्कला एवढी सवड नसते. मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढलेल्या माद्या मार्च-एप्रिलमध्ये टेक्सासला येतात, अंडी घालतात आणि मरतात. उत्तरेचा पुढचा प्रवास त्यांच्या पिल्लांनी करायचा. ऐन तेव्हा कोवळी पाने नसली, तर ती पिढीच रोडावते. शरदात परतताना फुलांत मध नसला, तर हिवाळ्यापुरती चरबी साठत नाही. मेक्सिकोत १९९६-९७ च्या हिवाळ्यात मोनार्कनी सुमारे १८ हेक्टर जंगल व्यापले होते. २०१३-१४ मध्ये उरले ०.६७ हेक्टर. दोष एकट्या दुष्काळाचा नाही. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकांनी मिल्कवीड संपवले, हेही त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

दुष्काळात गुरांनाही धोका असतो. गवत संपले की भुकेली जनावरे नको ते खातात आणि मिल्कवीडची विषबाधा होते. झाड वाळले तरी विष जात नाही. त्यामुळे कापून ठेवलेल्या चाऱ्यात ते मिसळले, तर धोका कायम. म्हणून अनेकांचा हात आधी तणनाशकाकडे जातो. पण खरी मेख गवतात आहे. कुरण पार खरडले जाण्याआधी गुरे हलवली, तर त्यांच्यावर मिल्कवीड खाण्याची पाळी येत नाही. शिवाय गवताच्या आच्छादनाखाली ओलही जास्त टिकते. जनावरांची संख्या पावसाप्रमाणे ठरवणारा पशुपालक आपली गुरे वाचवतो आणि न ठरवताच मोनार्कचीही सोय करतो.