आर्णीचा पाऊस बंगालच्या उपसागरात ठरतो

विदर्भातल्या आर्णीहून कुठलाही समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या अरुणावती नदीला पूर येणार का, हे बरेचदा बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ठरतं. उपसागराचं पाणी उबदार असतं. त्यावरची दमट हवा वर चढते, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि खालचा दाब आणखी उतरतो. वारे ताशी 31 किलोमीटरपर्यंत पोचले की हवामान खातं त्याला 'डिप्रेशन' म्हणतं; 62 ओलांडले की चक्रीवादळ. पावसाळ्यात मात्र वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फार तफावत असल्याने वादळापर्यंत मजल सहसा जात नाही.

ही प्रणाली ओडिशा, छत्तीसगडमार्गे वायव्येला सरकते. मुसळधार पाऊस पडतो तो तिच्या केंद्राच्या नैर्ऋत्येला. म्हणून केंद्र छत्तीसगडात असतानाच विदर्भ भिजू लागतो. बातम्यांत नुसतं 'कमी दाबाचं क्षेत्र' ऐकून पिकांवरची फवारणी थांबवण्यात अर्थ नाही. त्याचा मार्ग पाहावा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा त्यासाठी पुरेसा आहे. लाटांचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते, पण तो मच्छीमारांच्या कामाचा. कपाशी-सोयाबीनवाल्यांनी त्यात डोकं घालायची गरज नाही.